पेटी लहान, किल्ली कोणाकडे?

आमच्या शेजारच्या वहिनी गेल्या वैशाखात भाचीच्या लग्नाला नाशिकला गेल्या होत्या. घर बंद होते ते दोनच दिवस. परत येऊन पाहतात तो दाराचा कोयंडा उचकटलेला. धावतच आत गेल्या. स्वयंपाकघर जिथल्या तिथे, कपाटातल्या साड्यांची घडीसुद्धा मोडलेली नाही. गेली होती ती एकच वस्तू. दिवाळीत हौसेने घेतलेली, आकड्यांची बटणे दाबून उघडायची लोखंडी पेटी. फोडून नव्हे हं, अख्खीच्या अख्खी उचलून नेलेली!

पेटीत काय होते? आईने घातलेल्या पाटल्या, तन्मणी, लेकीच्या लग्नासाठी जमवलेली वळी आणि त्या सगळ्याच्या सराफाकडच्या पावत्या. हवालदाराने विचारले, "बाई, वजन किती? पावती आहे का?" वहिनी नुसत्या बघत राहिल्या. पावत्याही त्याच पेटीत!

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातला खण उघडला, तर पेटीबरोबर आलेले बोल्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत तसेच पडलेले. पेटी भिंतीला पक्की करण्यासाठी दिलेले. "सुतार बोलवू, सुतार बोलवू म्हणता म्हणता राहूनच गेलं हो," असे म्हणून त्या मटकन खाली बसल्या.

त्या दिवसापासून माझ्या मनात हा विषय घोळतो आहे. आपल्या आज्यांकडे फणेरपेटी असे, तिला चोरकप्पा असे, आणि किल्ल्यांचा जुडगा कमरेला. पुढे लोखंडी कपाटे आली. गोदरेजांनी मुंबईत कुलपांचा कारखाना काढला तो १८९७ साली, आणि कपाट म्हटले की आपल्या तोंडी आजही तेच नाव येते. आता लहान पेट्यांचे दिवस आहेत. बटणांच्या, बोटाच्या ठशावर उघडणाऱ्या, पिशवीतून नेता येतील अशा. पेटी घेऊ नका असे मी म्हणणार नाही. पण तिच्यात काय ठेवायचे, ती कुठे ठेवायची आणि ती उघडता कोणाला येते, हे ठरवल्यावाचून घेऊ नका.

पेटी काय करते, काय करत नाही

स्वस्तातल्या पेट्या पातळ पत्र्याच्या असतात. वजनही बेताचेच. येता-जाता हात घालणाऱ्यापासून ती रक्षण करते. घरात रंगारी आहेत, लग्नघराची गर्दी आहे, लहान मूल सगळे खण उपसते आहे, अशा वेळी ती कामाची. पण जी पेटी तुम्ही एका हाताने उचलता, ती चोरही उचलतो. त्याला ती तुमच्या घरात उघडायची गरजच काय? घरी नेऊन निवांत फोडील.

म्हणून पेटी पक्की बसवा. बहुतेक पेट्यांना मागे किंवा तळाला भोके असतात. त्यातून आतल्या बाजूने बोल्ट घालून विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत घट्ट करा. नुसत्या प्लायवूडच्या फळीला बसवली, तर फळीसकट जाईल. जागाही अशी निवडा, की कपाट उघडताच नजरेस पडणार नाही.

आणखी एक. कुलूप चांगले म्हणजे पेटी आगीत टिकेल असे नव्हे. साध्या पत्र्याच्या पेटीत कागद आगीने करपतात. आगीला तोंड देणाऱ्या पेट्या वेगळ्या, जाड आणि जड असतात. तेव्हा घराचे मूळ कागद साध्या पेटीत ठेवून निर्धास्त राहू नका.

आमच्या घरची फजिती

दुसऱ्याचे सांगितले, आता आमचेही सांगते. दोन वर्षांपूर्वी मामंजींच्या छातीत रात्री दुखू लागले. हे नागपूरला गेलेले. विम्याचे कार्ड आणि जुने रिपोर्ट पेटीत. मी बटणे दाबते, पण दिवाच लागेना. सेल संपलेले! ह्यांना फोन केला. म्हणाले, "अगं, घाबरू नकोस. त्याची एक वेगळी किल्ली असते."

"कुठे आहे?"

"पेटीतच आहे ना, आतल्या कप्प्यात!"

आता हसू येते, पण त्या वेळी रडू कोसळले होते. रुग्णालयात पैसे शेजाऱ्यांनी भरले. मामंजी सुखरूप घरी आले, देवाची कृपा. नंतर कोपऱ्यावरच्या किल्लीवाल्याला बोलावले. त्याने ती पेटी दहा मिनिटांत उघडून दिली. सासूबाई म्हणाल्या, "याला दहा मिनिटं लागली, तर चोराला किती लागतील गं?" मला उत्तर सुचले नाही.

यातून आम्ही जे शिकलो, ते असे:

जादा किल्ली पेटीत कधीही ठेवायची नाही. एक घरात दुसऱ्या जागी, एक विश्वासाच्या नातलगाकडे.

सेल दरवर्षी दसऱ्याला, शस्त्रपूजेच्या दिवशीच बदलायचे. म्हणजे लक्षात राहते.

कारखान्यातून आलेला आकडा पहिल्याच दिवशी बदलायचा. मुलाची जन्मतारीख नको, गाडीचा नंबर तर नकोच नको.

बोटाच्या ठशावर भरवसा ठेवायचा, पण पूर्ण नाही. भांडी घासून, कणीक मळून आपली बोटे ओली, झिजलेली असतात, आणि पेटी ओळखच देत नाही. आकड्याची किंवा किल्लीची दुसरी सोय असलीच पाहिजे.

दागिन्यांची यादी, वजने, फोटो आणि पावत्यांच्या नकला पेटीबाहेर, दुसऱ्या ठिकाणी ठेवायच्या. वहिनींचे डोळे आठवले, की हा नियम मोडवत नाही.

प्रवासात

लग्नाला निघताना अंगावर घालायचे दागिने बरोबर न्यावेच लागतात. रेल्वेत लक्षात ठेवा, १९८९ च्या रेल्वे कायद्याप्रमाणे आपल्या ताब्यातले सामान हरवले, तर रेल्वेचा निष्काळजीपणा सिद्ध झाल्याखेरीज ती जबाबदार नसते. एका प्रवाशाने कमरेच्या पट्ट्यात बांधलेले लाख रुपये गाडीत चोरीला गेले. सर्वोच्च न्यायालयाने जून २०२३ मध्ये सांगितले, की प्रवाशाला स्वतःचे सामान सांभाळता आले नाही तर तो रेल्वेच्या सेवेतला दोष नव्हे. तेव्हा तारेची दोरी असलेली लहान पेटी बॅगेत ठेवावी आणि बॅग बाकाखालच्या कडीला साखळीने बांधावी. तार कापता येते, हे खरे. पण झोपेत बॅग ओढून नेणाऱ्याला ती अडवते. विमानात मात्र दागिने जवळच्या पिशवीत, मोठ्या बॅगेत देऊ नयेत.

मग बँकेचे लॉकर?

रोज न लागणारे सोने तिथेच बरे. पण तिथेही डोळे मिटू नका. रिझर्व्ह बँकेचे नवे नियम १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. त्यांच्याप्रमाणे आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यामुळे नुकसान झाले, तर बँकेची जबाबदारी वर्षाच्या भाड्याच्या १०० पटींपर्यंत असते. भाडे ३,००० रुपये असेल, तर ३ लाख. आत दहा लाखांचे सोने असले तरी! पूर, भूकंप अशा संकटात, बँकेची चूक नसेल, तर तेवढेही नाही. तेव्हा विम्याची चौकशी करा, वारस म्हणून नाव नोंदवा आणि अधूनमधून लॉकर उघडत जा.

घरात पिस्तूल असेल तर

आपल्यापैकी फार थोड्या घरांत परवान्याचे पिस्तूल असते. व्यापाऱ्याच्या, निवृत्त लष्करी अधिकाऱ्याच्या घरी असू शकते. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवाना एका माणसाच्या नावावर असतो. म्हणून माझे सांगणे स्पष्ट आहे. दागिने आणि पिस्तूल एका पेटीत कधीच नकोत. दागिन्यांची पेटी सणासुदीला दहा वेळा उघडते, मुले शेजारी उभी असतात. पिस्तुलाची पेटी वेगळी, पक्की बसवलेली, पिस्तूल रिकामे, गोळ्या दुसऱ्या कुलपात, आणि किल्ली परवाना ज्याचा त्याच्याकडेच. "मुलांना ठाऊकच नाही," असे म्हणू नका. लाडवांचा डबा कुठे लपवलाय हे ज्यांना ठाऊक असते, त्यांना सगळे ठाऊक असते.

लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेला जाणाऱ्या मैत्रिणींनीही हे ध्यानात ठेवावे. तिथे कितीतरी घरांत पिस्तूल असते. २००५ च्या एका कायद्याने दुकानदाराला पिस्तुलाबरोबर कुलूप किंवा पेटी द्यावीच लागते. पण दिलेले कुलूप लावले आहे की नाही, हे घरातल्यालाच ठाऊक. नातू शेजारी खेळायला जाणार असेल, तर "घरात हत्यार आहे का, कुलपात आहे का?" हे मुलीला विचारायला सांगावे. संकोच वाटेल, पण विचारावे.

आता शेवटचे, थोडे अवघड

किल्ली कोणाकडे? पुष्कळ घरांत दागिने तिचे आणि आकडा मात्र त्याला ठाऊक, असे असते. कधी प्रेमाने, कधी "तुला काय कळतंय" म्हणून. मैत्रिणींनो, स्त्रीधन सासरी नांदायला गेले म्हणून सासरचे होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच सांगितले आहे, की स्त्रीधनाची मालक ती स्त्रीच, घरच्यांकडे ते केवळ विश्वासाने ठेवलेले असते. मग मालकिणीलाच पेटी उघडता येऊ नये, हे कसे?

यात भांडायचे काही नाही. ह्यांच्याशी मी भांडले नाही. रविवारी चहाच्या वेळी एवढेच म्हटले, "आकडा मलाही सांगा, आणि जादा किल्ली आईंकडे राहू दे." ह्यांनी मुकाट्याने कागद पुढे केला. मला वाटते, त्यांनाही ती रात्र आठवली असावी.

वहिनींनी आता नवी पेटी घेतली आहे. सोने परत मिळाले नाही. पण या खेपेस पेटी दुकानातून आली, त्याच दिवशी सुतारही आला.