म्हातारचळ नव्हे, दुखणं

‘वय झालं ना, म्हातारचळ लागलाय तिला.’ मुलुंड असो, बोरिवली असो, ज्या घरात बारा-तेरा वर्षांचं मांजर आहे तिथे हे वाक्य कानावर येतंच. कुणाची मनी उचलली की चावते, कुणाचा बोका पलंगाखालून बाहेर यायला तयार नसतो. घाटकोपरच्या एका काकूंनी तर मांजरीला जवळ घेणंच सोडलं होतं. ती ‘मुद्दाम’ पायपुसण्यावर लघवी करते म्हणून.

मुद्दाम नाही हो. तिचे सांधे दुखत होते. वाळूच्या घमेल्याची कड चढताना मागच्या पायांत कळ यायची, पायपुसणं मात्र जमिनीलगत आणि मऊ. घमेल्याच्या जागी बुटक्या कडेचा ट्रे आला, सांध्यांवर उपचार सुरू झाले आणि पायपुसणं कोरडं राहू लागलं.

सांधेदुखी माणसांना आणि फार तर कुत्र्यांना होते, हा समज कुठून आला कोण जाणे. अमेरिकेत 12 वर्षांपुढच्या 100 मांजरांचे एक्स-रे तपासले गेले. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात 90 मांजरांच्या सांध्यांत झीज दिसली. शंभरात नव्वद! मग आपल्याला ती दिसत का नाही? कुत्रा लंगडतो, मांजर सहसा लंगडत नाही. बहुतेकदा दोन्ही बाजूंचे सांधे एकदम झिजतात, मग लंगडणार कोणत्या पायाने? ते फक्त उड्या कमी करतं. पूर्वी जमिनीवरून थेट फ्रिजवर जाणारी मनी आता आधी खुर्चीवर चढते. खिडकीच्या कट्ट्याकडे बघते, अंगाचा अंदाज घेते आणि माघारी फिरते. पाठीपर्यंत जीभ पोचत नाही, म्हणून तिथले केस गुंततात. नखं झिजत नाहीत, जाड होऊन वळतात. अशा मांजरीला कंबरेखाली हात घालून उचललं तर ती चावणारच. याला आपण चिडका स्वभाव म्हणतो याचा मला खरोखर राग येतो.

दुसरा समज उलट्या टोकाचा: ‘खाते भरपूर, म्हणजे तब्येत ठणठणीत.’ म्हातारं मांजर दुप्पट खातंय, तरी वाळतंय, घरभर येरझारा घालतंय, वसकन अंगावर येतंय, तर थायरॉइड वाढल्याचा संशय घ्यायलाच हवा. मांजरांमधला हा आजार 1979 मध्ये न्यूयॉर्कच्या पशुवैद्यांनी प्रथम नोंदवला. रक्ताच्या एका तपासणीत तो बहुधा कळतो आणि औषधाने आटोक्यात येतो. बाथरूमच्या बादलीतलं पाणी सारखं पिणं हाही लाड नव्हे. मूत्रपिंड किंवा मधुमेह तपासायची ती खूण आहे.

रात्री दोन वाजता मोठ्याने ओरडणारं मांजर अपशकुनी नसतं. त्याचा रक्तदाब वाढलेला असेल, ऐकू कमी येत असेल किंवा माणसासारखाच त्याला स्मृतिभ्रंश झाला असेल. मात्र स्मृतिभ्रंशाचं नाव बाकीचं सगळं तपासून झाल्यावरच घ्यायचं. वाढलेल्या रक्तदाबाने मांजर एका रात्रीत आंधळं होऊ शकतं, तेव्हा ‘बघू पुढच्या आठवड्यात’ नको.

घुरघुरणं म्हणजे सुखच, असंही नाही. वेदनेतही मांजर घुरघुरतं. दूध हे म्हाताऱ्या मांजराचं टॉनिक नव्हे, बहुतेकांना त्याने जुलाब होतात. आणि घरातली क्रोसिन? अजिबात नाही! पॅरासिटामॉल पचवण्याची यंत्रणा मांजराच्या यकृतात जवळजवळ नसतेच. एक गोळीही जीव घेऊ शकते. बोका वारंवार लघवीला बसतोय आणि होत नाहीये, तर ते पायपुसण्याचं प्रकरण नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

दहा वर्षांनंतर दर सहा महिन्यांनी तपासणी करावी. वजन, रक्त, लघवी, रक्तदाब. उपनगरांत आता गल्लोगल्ली डॉक्टर आहेत, आणि परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय तर एकोणिसाव्या शतकापासून जनावरांवर उपचार करतंय. जाताना मोबाइलवर व्हिडिओ घेऊन जा: मनी घरात कशी चालते, कुठे अडखळते, उडी कशी टाळते. टेबलावर ती भीतीने गोळा होऊन बसते, तिथे डॉक्टरांना यातलं काहीच दिसत नाही.