नाही म्हणायचं, पण वाऱ्यावर सोडायचं नाही

शिरूर तालुक्यातल्या कवठे येमाईसारख्या गावात शेजार म्हणजे आता नुसती भावकी राहिलेली नाही. रांजणगावच्या एमआयडीसीत कामाला जाणारे भाडेकरू आहेत. ऊसतोडीच्या टोळ्या येतात, कांदा काढायला आणि वीटभट्टीवर बाहेरगावची कुटुंबं येतात. त्यातलं कुणीतरी, ज्याचं आडनावसुद्धा आपल्याला ठाऊक नसतं, दिवेलागणीला दाराशी येतं आणि म्हणतं, “ताई, एवढं एक काम करा.”

काम काय असतं? म्हातारीला सलाईन लावून द्या. तुमच्या सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या चार दिवसांपुरत्या द्या. भावाला ॲडमिट करायचंय, तुमचं रेशनकार्ड द्या. सुनेसाठी गोळी आणून द्या, कुणाला सांगू नका. जिनं नर्सिंग केलंय, जी आशाताई आहे, अंगणवाडीत आहे किंवा मेडिकलच्या दुकानात कामाला आहे, तिच्या दारात ही माणसं जास्त येतात. आम्ही नर्सिंगचा डिप्लोमा करून दवाखान्यात काम केलं आणि आता वस्त्यांमधून काम करतो. तिथे बाया आम्हाला हेच विचारतात, की नाही कसं म्हणायचं? हो म्हटलं तर दुसऱ्याच्या जिवाशी खेळ, नाही म्हटलं तर “लय शिकली, माणुसकी विसरली” असं ऐकून घ्यायचं.

आमचं सांगणं थोडक्यात असं आहे. घातक मागणी नाकारा, पण दाराशी आलेला माणूस तसाच परत पाठवू नका. त्याच्या हक्काची जी वाट आहे, ती त्याला दाखवा. पुष्कळदा माणूस आपल्याकडे उपकार म्हणून जे मागतो, ते सरकारकडे त्याचं हक्कानं असतं.

‘नाही’ म्हणण्याचा हक्क

आपल्या पणजोबांना हा हक्क नव्हता. महार वतनात वरून हाक आली की रात्र असो, पाऊस असो, निघावं लागे. वतनदार घरी नसला तर घरातल्या दुसऱ्या माणसाला जावं लागे. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक मांडलं ते याच गुलामीविरुद्ध. कनिष्ठ गावकी वतनं रद्द करणारा कायदा झाला १९५८ साली. म्हणजे कुणी सांगेल ते निमूट न करण्याचा हक्क आपल्या घरांत दोन-तीन पिढ्यांचाच आहे. मोठ्या वाड्यावरून गडी येऊन “सुई घेऊन बोलावलंय” म्हणतो, तेव्हा हे आठवावं. विनंती असेल तर ऐकून घेऊ. हुकूम असेल तर जायचं की नाही ते आपण ठरवू.

पण वस्तीतला नवा शेजारी हुकूम घेऊन येत नाही. तो अडलेला असतो. इथे तथागतांकडे पाहावं. अतिसारानं आजारी पडून आपल्याच घाणीत पडलेल्या, कुणी विचारत नसलेल्या भिक्खूला बुद्धांनी आनंदाला बरोबर घेऊन स्वतः धुतलं, उचलून बिछान्यावर ठेवलं. ही हकीकत विनयपिटकाच्या महावग्गात आहे आणि बाबासाहेबांनीही ती ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात घेतली आहे. त्याच महावग्गात चांगल्या परिचारकाचे पाच गुण सांगितले आहेत. त्याला औषध तयार करता येतं. पथ्य काय आणि अपथ्य काय हे त्याला कळतं, म्हणून तो पथ्य देतो आणि अपथ्य दूर करतो. तो लोभानं नव्हे, मैत्रीनं सेवा करतो. त्याला घाणीची किळस येत नाही. आणि तो धम्माच्या बोलण्यानं रोग्याला धीर देतो.

यातला दुसरा गुण आपण विसरतो. अपथ्य दूर करणं हीसुद्धा सेवाच आहे. म्हणून नको ते औषध नाकारणारी ताई निष्ठुर नसते.

कुठल्या मागणीला काय उत्तर द्यायचं

*“अंगात त्राण नाही, एक सलाईन लावा.”* साध्या मिठाच्या सलाईनच्या ५०० मिलिलिटर बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं. पाच टक्के ग्लुकोजच्या तेवढ्याच बाटलीत २५ ग्रॅम साखर, म्हणजे साधारण पाच छोटे चमचे. एका भाकरीत याहून जास्त ताकद असते. पण हृदयाचा किंवा किडनीचा आजार असलेल्या म्हातारीला घरी सलाईन चढवलं तर पाणी फुप्फुसात साठून जीव जाऊ शकतो. सुईचंही तेच. औषधाची रिॲक्शन आली तर काही मिनिटांत माणूस कोसळतो आणि त्या वेळी लागणारं औषध आपल्या घरात नसतं. ताप डेंग्यूचा असेल तर अंगदुखीच्या सुईनं रक्तस्राव वाढू शकतो. म्हणून सांगावं, “मावशी, डॉक्टरांनी तपासल्याशिवाय मी सुई लावत नाही, माझ्या आईलाही लावत नाही. जुलाब असतील तर ओआरएसचं पाणी आत्ता करून देते. सकाळी आरोग्य केंद्रात जाऊ.” ओआरएसची पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ.

*“तुमच्या गोळ्या उसन्या द्या.”* साखर उसनी देता येते, साखरेच्या आजाराची गोळी देता येत नाही. उपाशीपोटी किंवा किडनी कमजोर असताना मधुमेहाची काही औषधं घेतली तर रक्तातली साखर एकदम उतरून माणूस बेशुद्ध पडतो. बीपीच्या काही गोळ्या गरोदरपणात गर्भाला घातक असतात. मागच्या आजारातल्या उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्यांनी आजार दबतो, जात नाही. बीपी-शुगरच्या गोळ्या सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. आपली गोळी देण्यापेक्षा त्यांचा जुना कागद घेऊन त्यांच्याबरोबर केंद्रात जाणं बरं.

*“तुमचं कार्ड द्या, भावाला भरती करायचंय.”* यात मन जास्त अडकतं, कारण समोर जिवाचा प्रश्न असतो. पण आपल्या नावावर दुसरा भरती झाला की त्याचा रक्तगट, त्याचा आजार, त्याचं ऑपरेशन आपल्या नावावर नोंदलं जातं. उद्या आपल्यावर वेळ आली तर डॉक्टर ती चुकीची नोंद वाचणार. शिवाय ही फसवणूक ठरते. मुख्य म्हणजे याची गरजच उरलेली नाही. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आता पांढऱ्या कार्डासह सगळ्या शिधापत्रिकाधारकांना लागू आहे आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. बीडहून आलेल्या ऊसतोड कामगाराचं कार्ड पुण्यातल्या योजनेच्या दवाखान्यातही चालतं. अशा प्रत्येक दवाखान्यात ‘आरोग्यमित्र’ बसतो. चौकशीचा नंबर १५५३८८.

*“तुमची ओळख आहे, बिल कमी करायला सांगा.”* किंवा, “तुमच्या नावावर फायनान्सचं कर्ज काढून द्या.” गटाच्या कर्जात एकीनं हप्ता चुकवला की बाकीच्या बायांच्या दारात वसुलीवाला बसतो. महिनाभराच्या ओळखीवर सही करू नये. त्याऐवजी हे सांगावं, की धर्मादाय ट्रस्टच्या दवाखान्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तातडीच्या रुग्णाकडून त्यांनी अनामत मागायची नसते. बिलावर भांडायला ओळख लागत नाही. उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड, आणि दवाखान्यातल्या समाजसेवा अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज लागतो. अर्ज लिहायला मात्र आपण जरूर बसावं.

*“आजारी होतो असा कागद लिहून द्या, कंपनीत दाखवायचाय.”* खोटा दाखला हा चौथ्या शीलाचा भंग आहे आणि गुन्हाही आहे. पण त्या पोराला विचारा, पगारातून ईएसआयची कपात होते का? महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेल्या कामगाराला, ठेकेदाराकडचा असला तरी, ही योजना लागू होते. अटी पूर्ण असतील तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के मजुरी मिळते. कित्येकांना आपला ईएसआय नंबरसुद्धा माहीत नसतो.

*“सुनेसाठी गोळी आणून द्या.”* पहिला प्रश्न असा विचारावा, की हे सुनेला हवंय का? तिच्याशी एकटीशी बोलल्याशिवाय पुढचं पाऊल टाकू नये. दुकानातून आणलेल्या गोळीनं, गर्भ नळीत असेल तर, बाईचा जीव जाऊ शकतो. गर्भपात १९७१ च्या कायद्यानं मान्य आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरच्या मतानं, आणि ठरावीक कारणांसाठी २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मतानं करता येतो. १८ वर्षांवरच्या बाईला नवऱ्याची सही लागत नाही. तिचं नाव गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. पण “मुलगी आहे का ते बघणारा कुणी ओळखीचा आहे का” असा प्रश्न आला तर तिथेच थांबवावं. १९९४ च्या कायद्यानं तो गुन्हा आहे, तपासणाऱ्याचा आणि तपासून मागणाऱ्याचाही.

*“अमक्याच्या पोराला काय आजार आहे हो? सोयरीक करायचीय.”* टीबी असो, एचआयव्ही असो, दुसऱ्याचा आजार आपण सांगायचा नाही. एचआयव्हीबद्दल तर २०१७ चा कायदाच आहे. माणसाच्या संमतीशिवाय त्याची स्थिती उघड करता येत नाही. “तुमच्या घरचंही मी असंच कुणाला सांगणार नाही,” एवढं म्हटलं की विचारणाऱ्याला कळतं.

इथे मात्र दार लावायचं नाही

काही हाका अशा असतात की ओळख, वेळ, जात, भाषा काहीच बघायचं नसतं. साप चावला, बाळंतकळा लागल्या, छातीत कळ आली, कुणी औषध प्यायलं, की लगेच १०८ ला फोन करा. उसाच्या नि कांद्याच्या रानात साप नवा नाही. चावलेला भाग हलवू नका, घट्ट बांधू नका, चिरू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. थेट सरकारी दवाखाना गाठा. अष्टविनायक रस्त्यावर अपघात दिसला तर पोलिसांच्या भीतीनं पुढे जाऊ नका. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली आलेल्या तरतुदीनुसार मदत करणाऱ्याला नाव सांगायची किंवा साक्षीदार व्हायची सक्ती करता येत नाही.

मार खाल्लेली बाई रात्री दाराशी आली तर “नवरा-बायकोचं भांडण” म्हणून परत पाठवू नका. तिला आत घ्या, शेजारच्या दोघी-तिघींना बोलवा, ११२ किंवा १८१ ला फोन करा. लेकराचा प्रश्न असेल तर १०९८. आणि कुणी “जगावंसं वाटत नाही” म्हणालं तर त्याला एकटं सोडू नका. टेलिमानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

नाही म्हणायची रीत

आधी आत बोलवा, बसवा, पाणी द्या. उंबऱ्यावरून दिलेला नकार माणसाला अपमानासारखा लागतो, आणि अपमान काय असतो हे आपल्याला सांगायला नको. सगळं ऐकून घ्या. मग नकार छोटा द्या, कारण एकच द्या आणि ते खरं द्या. “सलाईन संपलंय” असं खोटं सांगितलं की उद्या ते बाटली विकत घेऊन येतात. नकारापाठोपाठ लगेच सांगा की आपण काय करू शकतो: फोन लावून देऊ, अर्ज लिहू, सकाळी नऊला बरोबर येऊ. जेवढं जमेल तेवढंच बोला आणि बोललेलं पाळा. आणि ते काय मागायला आले होते याची चर्चा नळावर करू नका.

एकटीवर भार आला की नकार जड जातो. म्हणून कवठे येमाईत काय, दुसऱ्या गावात काय, महिला मंडळानं येत्या पौर्णिमेला विहारात वंदनेनंतर अर्धा तास बसावं. एका मोठ्या कागदावर हे लिहावं: १०८, ११२, १८१, १०९८, १४४१६, १५५३८८, आरोग्य केंद्राची ओपीडीची वेळ, आशाताईचं नाव. कागद बाहेरच्या भिंतीवर लावावा, म्हणजे विहारात न येणाऱ्या शेजाऱ्यालाही दिसेल. दोघी-तिघींनी पाळी लावून घ्यावी, की या महिन्यात दवाखान्यात सोबत कोण जाणार. मग रात्री कुणी दार वाजवलं तर ताईला सांगता येईल, “दादा, हे मी करणार नाही. पण सकाळी आमच्यातली एक जण तुमच्याबरोबर येईल.”

जयभीम!