जिज्ञासेलाही संगणक लागतो!

संगणक शाखेचा पदवीधर नोकरीच्या मुलाखतीत मागे पडला की दोन आवाज हमखास ऐकू येतात. मुलगा म्हणतो, ‘अभ्यासक्रमच जुनाट होता.’ कंपनीवाले आणि प्राध्यापक म्हणतात, ‘मुलांना शिकण्याची वृत्तीच नाही.’ खरे कोणाचे? आपल्या समाजातील शिकणारी पहिली पिढी या शाखेकडे मोठ्या आशेने वळली असल्याने याचे उत्तर आपण शोधलेच पाहिजे.

मुलाची तक्रार खोटी नाही. सी++ या भाषेचे आंतरराष्ट्रीय प्रमाणीकरण १९९८ साली झाले. टर्बो सी++ त्याच्याही आधीचे. तरीही पुढे कित्येक वर्षे आपल्या महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत तोच निळा पडदा झळकत राहिला. ‘व्हॉइड मेन’ लिहून मुलांनी गुण मिळवले. प्रमाण सी++मध्ये ते चुकीचे ठरते!

पण अभ्यासक्रम बदलला म्हणजे सारे सुटेल काय? वरच्या वर्गातील मुलाच्या जर्नलमधून प्रोग्राम उतरवायचे आणि तोंडी परीक्षेपुरते पाठ करायचे, ही घोकंपट्टी पायथॉन आले तरी चालूच राहील. केवळ परंपरा आहे, ग्रंथात लिहिले आहे म्हणून काही मानू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले. त्यांचा वारसा सांगणाऱ्यांनी तरी छापील प्रोग्राम पोथीसारखा वाचू नये. तो मोडावा, बिघडवावा, का बिघडला ते शोधावे आणि पुन्हा उभा करावा. प्रोग्रामिंग असेच येते.

मात्र ‘वृत्ती’ हा शब्द ‘गुणवत्ते’चा नवा अवतार होत असेल तर सावध राहिले पाहिजे. ज्याच्या घरी लहानपणापासून संगणक आहे, त्याच्या खेळण्याला जिज्ञासा म्हणतात. जो पहिल्यांदा महाविद्यालयातच कळफलकाला हात लावतो, त्याच्या बिचकण्याला आळस म्हणतात. आयआयटीची व्याख्याने एनपीटीईएलवर मोफत आहेत, पण मुळात बहुतांश इंग्रजीत. मराठी माध्यमातल्या मुलाला विषयाआधी भाषेशी झुंजावे लागते.

बाबासाहेबांपेक्षा मोठी ज्ञानपिपासा कोणाची? तरीही १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात जाण्यासाठी बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती लागली. ती संपताच १९१७ साली लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. सिडनहॅम महाविद्यालयातील नोकरीतून वाचवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि मित्राकडून घेतलेले कर्ज, यांच्या बळावर ते १९२० साली पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ साली डी.एस्सी. झाले. वृत्ती तीच होती. अडले होते ते साधनांवाचून! म्हणूनच त्यांनी ‘शिका’ एवढेच सांगून हात झटकले नाहीत. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी आणि १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय उभे केले.

तेव्हा वाद अभ्यासक्रम की वृत्ती असा नाहीच. अभ्यासक्रम ही किमान शिदोरी आहे. ती ताजी असावी, शिष्यवृत्ती वेळेवर मिळावी आणि प्रयोगशाळा संध्याकाळीही उघडी राहावी, हा आपला हक्क आहे. तो मागण्यासाठी संघटित व्हावे लागेल. वस्तीतल्या विहारात दोन संगणक ठेवणे तर आपल्याच हाती आहे. आणि संगणक समोर आल्यावर? तिथून पुढची जबाबदारी विद्यार्थ्याचीच. त्या क्षणापासून सबब चालणार नाही.