गेम खेळून पोरं बिघडतातच का?

पोरगं गेम खेळायला बसलं की घरात पहिला शब्द निघतो, "बिघडलं!" पालकांची ही भीती अगदीच खोटी नाही. गोळ्या झाडायच्या, माणसं पाडायची आणि त्याचे गुण मोजायचे, असल्या खेळांचा सुळसुळाट आहे. पण सगळे खेळ तसले नसतात.

स्कॉटलंडमध्ये तयार झालेला 'लेमिंग्ज' हा खेळ १९९१ साली बाजारात आला. त्यात हिरव्या केसांचे चिमुकले जीव पुढे खड्डा की पाणी हे न बघता चालत राहतात. खेळणाऱ्याने त्यांना कामं नेमून द्यायची. कुणी पूल बांधायचा, कुणी बोगदा खणायचा, कुणी दोन्ही हात पसरून मागच्यांना थोपवायचं. सगळी धडपड त्यांना सुखरूप बाहेर काढण्याची.

टोबियास ग्राइटेमायर आणि सिल्व्हिया ओस्वाल्ड या मानसशास्त्रज्ञांनी २०१० साली यावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. काहींना 'लेमिंग्ज', काहींना विटा रचण्याचा 'टेट्रिस', तर काहींना मारामारीचा खेळ दिला. आठ मिनिटं खेळून झाल्यावर प्रयोग घेणाऱ्याने मुद्दामच, पण चुकून झाल्यासारखं दाखवून, पेन्सिली सांडल्या. 'लेमिंग्ज' खेळलेल्या १८ पैकी १२ जण उचलायला धावले. 'टेट्रिस'वाले ६, मारामारीवाले ५.

पेन्सिली उचलायला काय लागतं, असं कुणी म्हणेल. म्हणून दुसरा प्रयोग महत्त्वाचा. खोलीत एक माणूस येऊन प्रयोग घेणाऱ्या बाईवर ओरडतो, तिचा हात ओढतो. हेही ठरवलेलं नाटकच. खेळणाऱ्यांना मात्र ते ठाऊक नाही. हेलिकॉप्टरने लोकांना वाचवण्याचा खेळ खेळलेल्या १८ पैकी १० जण मध्ये पडले, 'टेट्रिस' खेळलेल्यांपैकी फक्त ४. अशा वेळी बघे किती जमतात आणि पुढे किती होतात, हे चाळीत राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

अर्थात अठरा माणसं म्हणजे काही जग नव्हे. ऑस्ट्रेलियात २०१३ साली पेन सांडण्याचा तसाच प्रयोग झाला, तिथे फरक दिसला नाही. उलट २००९ सालच्या एका अभ्यासात, जपानमधली जी मुलं मदतीचे खेळ जास्त खेळत होती, ती काही महिन्यांनी जास्त मदत करताना आढळली. मुळात मदतीला धावणारी मुलंही तसलेच खेळ निवडत होती.

तेव्हा मोबाईल हिसकावण्याआधी पोराशेजारी बसून बघा, तो पडद्यावर कुणाला पाडतोय की पार नेतोय. आपल्याकडे बऱ्याच घरांत मोबाईल एकच, तोही बाप कामावरून आल्यावर मिळणार. म्हणजे खेळायला आठ-दहा मिनिटंच. त्या प्रयोगातही तेवढीच होती.