मूत्राशय कर्करोग : रासायनी चिकित्सेच्या प्रतिसादाचे रेणवीय निदर्शक

मूत्राशयाच्या कर्करोगावर औषधांचा उपचार सुरू करण्यापूर्वीच तो त्या विशिष्ट रुग्णास लागू पडेल किंवा नाही, याचे अनुमान करण्यासाठी अर्बुदातील (कोशिकांच्या अनिर्बंध वाढीने झालेल्या गाठीतील) ज्या जीनांची (गुणसूत्रांवरील आनुवंशिक घटकांची), प्रथिनांची वा तत्सम रेणूंची तपासणी करतात, त्यांना रासायनी चिकित्सेच्या प्रतिसादाचे रेणवीय निदर्शक म्हणतात. अशा निदर्शकांवर १९९० नंतर विपुल संशोधन झाले असले, तरी केवळ त्यांच्या आधारे उपचार द्यावा वा टाळावा इतका भरवसा त्यांपैकी एकालाही अद्याप प्राप्त झालेला नाही. असे का घडले, हे समजण्यासाठी प्रथम रोगाचे स्वरूप व औषधांचे कार्य पाहणे आवश्यक आहे.

रोगाचे स्वरूप : मूत्राशयाच्या आतील पृष्ठभागावर कोशिकांचा (पेशींचा) एक ताणला जाणारा थर असतो. त्याला मूत्रमार्गी अभिस्तर म्हणतात. मूत्राशयाचे बहुसंख्य कर्करोग या थरातून उद्‌भवतात. २०२२ मध्ये जगात या रोगाचे सु. ६ लाख १४ हजार नवे रुग्ण आढळले, असा अंदाज आहे. स्त्रियांपेक्षा पुरुषांत तो कितीतरी अधिक प्रमाणात होतो. धूम्रपान हे त्याचे सर्वांत महत्त्वाचे कारण होय. तंबाखूच्या धुरातील ॲरोमॅटिक अमाइने रक्तातून वृक्कात (मूत्रपिंडात) व तेथून मूत्रात उतरतात आणि मूत्राशयाच्या अभिस्तराशी दीर्घकाळ संपर्कात राहतात. रंगद्रव्यांच्या कारखान्यांतील कामगारांना हा रोग होतो, हे जर्मन शस्त्रक्रियाविशारद लूटव्हिख रेन यांनी १८९५ मध्येच दाखवून दिले होते.

निदानाच्या वेळी सु. तीन-चतुर्थांश रुग्णांत रोग वरच्या थरांपुरता मर्यादित असतो. अशी अर्बुदे मूत्रमार्गातून दुर्बिणीवजा उपकरण घालून खरवडून काढतात आणि आवश्यकतेनुसार मूत्राशयात बीसीजी लस वा औषध सोडतात. उरलेल्या रुग्णांत रोग मूत्राशयाच्या स्नायुस्तरात शिरलेला असतो किंवा त्याच्याही पलीकडे पसरलेला असतो. स्नायूत शिरलेल्या रोगाकरिता संपूर्ण मूत्राशय काढून टाकणे हा रूढ उपचार आहे. त्यानंतर लहान आतड्याच्या तुकड्यापासून मूत्रासाठी नवा मार्ग तयार करून तो बहुधा पोटाच्या पृष्ठभागावर उघडतात. तेथे लावलेली पिशवी रुग्णास जन्मभर बाळगावी लागते. निवडक रुग्णांत रासायनी चिकित्सा व प्रारण चिकित्सा एकत्र देऊन मूत्राशय राखण्याचा प्रयत्न करतात. [⟶ कर्करोग, मूत्राशय].

सिस्प्लॅटिनाचे कार्य : या रोगावरील रासायनी चिकित्सेचा पाया सिस्प्लॅटीन हे प्लॅटिनमाचे संयुग आहे. त्याचा कोशिका-विभाजन रोखण्याचा गुण अमेरिकन शास्त्रज्ञ बार्नेट रोझेनबर्ग यांच्या प्रयोगशाळेत १९६५ मध्ये लक्षात आला आणि १९७८ मध्ये अमेरिकेत ते औषध म्हणून मान्य झाले. १९८५ मध्ये मेथोट्रेक्झेट, व्हिनब्लास्टीन, डॉक्सोरुबिसीन व सिस्प्लॅटीन या चार औषधांच्या योजनेचे (एमव्हीएसी) निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पुढे जेम्सायटाबीन व सिस्प्लॅटीन ही तुलनेने सुसह्य जोडीही प्रचारात आली.

कोशिकेत शिरल्यावर सिस्प्लॅटिनातील प्लॅटिनम डीएनएच्या साखळीतील शेजारशेजारच्या ग्वानीन घटकांना एकमेकांशी जखडून टाकते. त्यामुळे साखळीला बाक येतो, तिची प्रत निघू शकत नाही आणि विभाजनाच्या बेतात असलेली कोशिका मरते. तथापि कोशिकेजवळ अशा बिघाडाची दुरुस्ती करणारी यंत्रणा असते. काही प्रथिने बिघाड ओळखतात, काही त्या जागी डीएनएचे पदर उलगडतात, काही बिघडलेला तुकडा कापून काढतात व शेवटी रिकामी जागा भरली जाते. ज्या अर्बुदातील ही दुरुस्ती दुबळी असते, त्यावर सिस्प्लॅटिनाचा मारा अधिक परिणामकारक व्हावा, अशी अपेक्षा साहजिक आहे. बहुतेक निदर्शकांचा शोध याच तर्कावर आधारलेला आहे.

निदर्शकांची आवश्यकता : शस्त्रक्रियेपूर्वी रासायनी चिकित्सा दिल्याचा लाभ अमेरिकेतील एका मोठ्या प्रयोगात दिसून आला. त्याचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. औषधे घेतलेल्या गटात ३८% रुग्णांच्या काढलेल्या मूत्राशयात कर्करोगाचा मागमूस उरला नव्हता. केवळ शस्त्रक्रिया केलेल्या गटात हे प्रमाण १५% होते. अनेक प्रयोगांच्या एकत्रित विश्लेषणावरून पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण या उपचाराने सु. ४५ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर जाते, असे दिसते.

या आकड्यांचा अर्थ असा की, शंभर रुग्णांना औषधे दिली असता त्यांपैकी सु. पाच अधिक रुग्ण पाच वर्षांनंतर हयात असतात. औषधांचा त्रास मात्र शंभरही जणांना सोसावा लागतो. सिस्प्लॅटिनामुळे वृक्कास इजा होते, श्रवणशक्ती कमी होते, हातापायांना बधिरता येते व तीव्र मळमळ होते. वृक्कांचे कार्य मंदावलेल्या रुग्णास ते देताच येत नाही आणि हा रोग मुख्यतः उतारवयात होत असल्याने असे रुग्ण पुष्कळ असतात. शिवाय ज्याच्या अर्बुदावर औषधाचा परिणाम होत नाही, त्याची शस्त्रक्रिया काही आठवडे वा महिने लांबते व तेवढ्या अवधीत रोग पसरू शकतो. लाभ होणारे रुग्ण आधीच ओळखता आले, तर इतरांचा हा भुर्दंड वाचेल आणि ज्यांचे अर्बुद औषधानेच नाहीसे होईल, त्यांचे मूत्राशयही कदाचित राखता येईल.

निदर्शकांचे दोन प्रकार : येथे एक भेद लक्षात घेणे अत्यावश्यक आहे. काही निदर्शक उपचार कोणताही असो, रोग सौम्य राहील की उग्र होईल एवढेच सांगतात. त्यांना रोगगतीचे निदर्शक म्हणता येईल. दुसऱ्या प्रकारचे निदर्शक विशिष्ट औषधाने विशिष्ट रुग्णास लाभ होईल की नाही, हे सांगतात. ते प्रतिसादाचे निदर्शक होत. औषध घेतलेल्या रुग्णांपैकी निदर्शक असलेले रुग्ण अधिक काळ जगले, एवढ्यावरून तो दुसऱ्या प्रकारचा ठरत नाही. औषध न घेताही ते तितकेच जगले असते, अशी शक्यता उरते. ती दूर करण्यासाठी औषध घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही गटांत निदर्शकाची कसोटी पाहावी लागते.

पी ५३ प्रथिनाचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. कोशिका-विभाजनावर नियंत्रण ठेवणारे हे प्रथिन बिघडलेले असल्यास रोग उग्र असतो आणि अशा रुग्णांना रासायनी चिकित्सेचा विशेष लाभ होतो, असे जुन्या नोंदींच्या अभ्यासावरून वाटत होते. त्याची पडताळणी करण्यासाठी मूत्राशय काढलेल्या ४९९ रुग्णांची अर्बुदे तपासण्यात आली. त्यांपैकी २७२ अर्बुदांत पी ५३ बदललेले आढळले. त्यांतील ११४ रुग्णांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यादृच्छिक रीतीने औषधे व केवळ देखरेख अशा दोन गटांत विभागले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दोन्ही गटांत फरक आढळला नाही, इतकेच नव्हे तर पी ५३ रोगगतीचाही निदर्शक ठरला नाही. पात्र रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक या विभागणीत सामील न झाल्याने निष्कर्षाला मर्यादा पडल्या. तरीही जुन्या नोंदींतील संबंध प्रत्यक्ष कसोटीस उतरेलच असे नाही, हे यावरून स्पष्ट झाले.

प्रमुख निदर्शक : (१) डीएनए-दुरुस्तीचे जीन : ईआरसीसी २ हा जीन डीएनएचे पदर उलगडणारे प्रथिन तयार करतो. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सिस्प्लॅटिनाला उत्तम प्रतिसाद दिलेली २५ व प्रतिसाद न दिलेली २५ अर्बुदे तपासली गेली. पहिल्या गटातील ९ अर्बुदांत या जीनात उत्परिवर्तन (आनुवंशिक बदल) आढळले, तर दुसऱ्या गटात एकाही अर्बुदात ते आढळले नाही. २०१६ मधील दुसऱ्या अभ्यासात ही प्रमाणे अनुक्रमे ४०% व ७% होती. मात्र पहिल्या अभ्यासात उत्तम प्रतिसाद दिलेल्या उरलेल्या १६ अर्बुदांत हे उत्परिवर्तन नव्हते, हेही ध्यानात घेतले पाहिजे. म्हणजे उत्परिवर्तन असणे ही आशादायक खूण असली, तरी ते नसणे हे औषध नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही. एटीएम, एफएएनसीसी व आरबी १ या जीनांतील बदलांचाही प्रतिसादाशी संबंध असल्याचे २०१५ मध्ये दाखविण्यात आले.

ईआरसीसी १ हे दुरुस्ती-प्रथिन रंजनाने मोजण्याचे प्रयत्न त्यापूर्वी पुष्कळ झाले होते, पण निष्कर्ष परस्परविरोधी आले. या प्रथिनाची अनेक रूपे असतात व त्यांपैकी एकच दुरुस्तीचे काम करते. प्रचलित चाचणीला ही रूपे एकमेकांपासून वेगळी ओळखता येत नाहीत, असे फुप्फुसाच्या कर्करोगावरील २०१३ मधील अभ्यासात दिसून आले. निदर्शक योग्य असूनही मोजमाप सदोष असू शकते, हे यावरून दिसते.

(२) रेणवीय उपप्रकार : सूक्ष्मदर्शकाखाली सारखी दिसणारी अर्बुदे कोणते जीन कार्यशील आहेत यावरून निरनिराळ्या गटांत विभागता येतात. २०२० मध्ये अनेक देशांतील तज्ञांनी स्नायूत शिरलेल्या रोगाचे सहा उपप्रकार एकमताने निश्चित केले. अभिस्तराच्या तळच्या कोशिकांशी साम्य असलेल्या उपप्रकारास रासायनी चिकित्सेचा अधिक लाभ होतो, असा निष्कर्ष २०१७ मधील एका अभ्यासात निघाला. त्यानंतरच्या सर्व अभ्यासांत मात्र तो सारखा आढळलेला नाही.

(३) जीन-कार्याचे गुणांक : प्रयोगशाळेत वाढविलेल्या कर्ककोशिकांवरील औषधांच्या परिणामांवरून गणिती गुणांक तयार करून ते रुग्णांच्या अर्बुदांना लावण्याची कोक्सेन नावाची पद्धत आहे. २३७ रुग्णांचा समावेश असलेल्या प्रयोगात तिची परीक्षा झाली. २०२१ मधील निष्कर्षांनुसार दोहोंपैकी कोणती औषधयोजना कोणास द्यावी, हे त्या गुणांकांवरून ठरविता येत असल्याचे सिद्ध झाले नाही.

(४) रक्तातील अर्बुदजन्य डीएनए : मरणाऱ्या कर्ककोशिकांतील डीएनएचे तुकडे रक्तात उतरतात. शस्त्रक्रियेनंतर ते आढळल्यास रोग शरीरात शिल्लक असण्याचा संभव मोठा असतो. या चाचणीच्या आधारे प्रतिरक्षा चिकित्सा देण्याचा लाभ २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसून आला. परंतु ही चाचणी रोग उरला आहे की नाही हे सांगते. तो सिस्प्लॅटिनाला दाद देईल की नाही, हे ती आधी सांगत नाही.

मूत्राशय राखण्याचे प्रयोग : निदर्शकाची खरी परीक्षा त्याच्या भरवशावर शस्त्रक्रिया टाळल्यास काय होते, यात आहे. अमेरिकेत ७० रुग्णांवर झालेल्या रिटेन या प्रयोगात ईआरसीसी २, एटीएम, एफएएनसीसी व आरबी १ यांपैकी एखाद्या जीनात उत्परिवर्तन असलेल्या आणि औषधांनंतर मूत्राशयात रोग न दिसलेल्या रुग्णांची शस्त्रक्रिया न करता त्यांना देखरेखीखाली ठेवण्यात आले. सर्व रुग्णांचा एकत्र विचार करता दोन वर्षांनंतर सु. ७३% जणांत रोग दूर पसरलेला नव्हता. तथापि पूर्वनिश्चित सांख्यिकीय कसोटी हा प्रयोग पूर्ण करू शकला नाही. अनेकांच्या मूत्राशयात रोग पुन्हा उद्‌भवला. त्यामुळे ही पद्धत नित्याच्या उपचारात आलेली नाही.

दरम्यान उपचारही बदलत आहेत. दूर पसरलेल्या रोगात एन्फोर्टुमॅब व्हेडोटीन व पेंब्रोलिझुमॅब या जोडीने मध्यक आयुर्मान ३१·५ महिने, तर रूढ रासायनी चिकित्सेने १६·१ महिने मिळाले, असे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आढळले. ही औषधे अत्यंत महाग असल्याने सिस्प्लॅटिनावर भागेल असे रुग्ण ओळखण्याचे महत्त्व भारतासारख्या देशात कमी होत नाही, उलट वाढते.

महाराष्ट्रातील स्थिती : मुंबईत परळ येथील टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून कर्करोगाच्या उपचाराचे प्रमुख केंद्र आहे. त्याच्याशी संलग्न प्रगत संशोधन केंद्र नवी मुंबईत खारघर येथे आहे. भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये बार्शी (जि. सोलापूर) येथे सुरू झाली. मूत्राशयात सोडण्याची बीसीजी पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट तयार करते.

रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यातील आंजर्ले यासारख्या किनारी गावातील रुग्णाच्या दृष्टीने एक गोष्ट अनुकूल आहे. फॉर्मॅलिनात ठेवून पॅराफीन मेणात बसविलेला ऊतकाचा (कोशिकासमूहाचा) ठोकळा नेहमीच्या तापमानाला वर्षानुवर्षे टिकतो व शीतपेटीशिवाय कोठेही पाठविता येतो. म्हणून उत्परिवर्तनांच्या चाचणीसाठी रुग्णाने स्वतः महानगरात जावेच लागते, असे नाही. त्यासाठी पहिल्या शस्त्रक्रियेत स्नायूसह पुरेसा ऊतक घेतलेला असणे व ठोकळा आणि अहवाल जपून ठेवणे आवश्यक असते. चाचणीचा खर्च मात्र पुष्कळ असतो आणि तिच्या उत्तराने उपचार बदलणार नसेल, तर तो करावा किंवा नाही याचा विचार चिकित्सकाने रुग्णापुढे मांडला पाहिजे.

कोणत्याही रेणवीय चाचणीपेक्षा निदान वेळेवर होण्याचा लाभ आज अधिक निश्चित आहे. वेदना न होता लघवीतून रक्त जाणे, हे या रोगाचे नेहमीचे पहिले लक्षण होय. ते एकदाच दिसून थांबले, तरी उन्हाळी लागली असे समजून दुर्लक्ष करणे धोक्याचे असते. रोग स्नायूत शिरण्यापूर्वी ओळखला गेल्यास मूत्राशय बहुधा राखता येते. प्रतिसादाच्या निदर्शकांचा प्रश्न मुख्यतः त्यानंतरच्या अवस्थेत उपस्थित होतो.