‘नोव्हेंबर’ : लोककथेतील क्रात आणि शेतकऱ्यांचे दारिद्र्य
रायनर सार्नेत दिग्दर्शित ‘नोव्हेंबर’ (२०१७) हा एस्टोनियन कृष्णधवल चित्रपट आंद्रुस किविर्‍याह्क यांच्या २००० साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीवर आधारित आहे. एस्टोनियन लोककथांतील ‘क्रात’ हा जुन्या अवजारांपासून बनविलेला नोकर होय. सैतानाला रक्ताचे तीन थेंब दिल्यावर तो सजीव होतो व धन्यासाठी चोरी करतो. काम न मिळाल्यास धन्यावरच उलटतो. चित्रपटातील गावकरी रक्ताऐवजी काळ्या बेरींचा रस देऊन सैतानालाही फसवू पाहतात. जर्मन जमीनदाराच्या सत्तेखालील या शेतकऱ्यांजवळ विकण्याजोगा केवळ आत्माच उरलेला आहे. मार्ट तानिएल यांच्या छायाचित्रणात जेवायला घरी आलेले मृत आणि जिवंत एकाच प्रकाशात वावरतात. त्यामुळे येथील अतिवास्तव हे दारिद्र्याचेच एक रूप ठरते.