‘फोरबेअर’ आणि ‘पूर्वज’ : अर्थ, उपयोग व मराठी पर्याय

इंग्रजीत पूर्वजवाचक शब्द अनेक आहेत. ‘अ‍ॅन्सेस्टर’, ‘फोरफादर’, ‘प्रोजेनिटर’ आणि ‘फोरबेअर’ हे त्यांपैकी प्रमुख होत. द्विभाषिक कोशांत या चारही शब्दांपुढे बहुधा ‘पूर्वज’ हा एकच प्रतिशब्द आढळतो. व्यवहारात त्याने काम भागते. परंतु कायदा, जीवशास्त्र आणि इतिहास या क्षेत्रांतील अनुवादात या एकशब्दी सोयीमुळे अर्थाची हानी होते. त्या दृष्टीने ‘फोरबेअर’ या शब्दाचा विचार उद्‌बोधक ठरतो.

हा शब्द पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात स्कॉटलंडमधील इंग्रजीत रूढ झाला. ‘फोर’ म्हणजे पूर्वी, ‘बी’ म्हणजे असणे, आणि त्यास कर्तृवाचक प्रत्यय, अशी त्याची घडण आहे. ‘पूर्वी असलेला’ एवढाच त्याचा मूलार्थ. त्यात जन्माचा, पितृत्वाचा वा पुरुषत्वाचा निर्देश नाही. ‘बेअर’ या अंत्यपदामुळे ‘जन्म देणारा’ असा अर्थ काढण्याचा मोह होतो. तो निराधार आहे. ‘फोर’ हे संस्कृत ‘पुरा’, ‘पूर्व’ यांचे, तर ‘बी’ हे ‘भू’ धातूचे सगोत्र आहे. म्हणजे घटकांच्या दृष्टीने ‘फोरबेअर’चा जवळचा आप्त ‘पूर्वज’ नसून ‘भूतपूर्व’ हा शब्द ठरतो. मराठीत मात्र ‘भूतपूर्व’ने पदावरून निवृत्त झालेल्या व्यक्तीचा अर्थ धारण केला आणि नात्याच्या क्षेत्राशी त्याचा संबंध आला नाही.

याच ठिकाणी एक नित्याचा घोटाळा लक्षात घ्यावयास हवा. संयम राखणे, एखादी गोष्ट करण्याचे टाळणे या अर्थाचे इंग्रजी क्रियापद लेखनात जवळजवळ असेच आहे; त्यात केवळ मधला ‘ई’ नसतो आणि आघात दुसऱ्या अवयवावर येतो. नामात आघात पहिल्या अवयवावर असतो. क्रियापदातील ‘बेअर’ हे वाहणे, सोसणे या अर्थाच्या धातूपासून आले असून ते संस्कृत ‘भृ’ धातूचे सगोत्र आहे. एक शब्द ‘भू’च्या कुळातला, दुसरा ‘भृ’च्या, साम्य केवळ बाह्य आहे. नाम ‘ई’शिवाय लिहिणे कोशांना मान्य आहे, क्रियापदात ‘ई’ घालणे मात्र चूक समजली जाते.

उर्वरित तीन शब्दांची जडणघडण वेगळी आहे. ‘अ‍ॅन्सेस्टर’ लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आला. त्याचा मूलार्थ ‘पुढे गेलेला’. ‘प्रोजेनिटर’मध्ये ‘प्र’ आणि ‘जन्’ यांचे सगोत्र घटक आहेत. उत्पत्ती हाच त्याचा गाभा. ‘फोरफादर’ स्पष्टपणे पितृवाचक असून बहुधा अनेकवचनी आणि काहीशा गौरवाच्या सुरात येतो. ‘फोरबेअर’ही बहुधा अनेकवचनीच योजला जातो, पण तो लिंगनिरपेक्ष आहे आणि मुख्यतः माणसांविषयी, क्वचित वैचारिक वारशाच्या संदर्भात वापरला जातो. ‘अ‍ॅन्सेस्टर’ची व्याप्ती सर्वांत मोठी. तो प्राण्यांना, भाषांना, यंत्रांनाही लागू होतो. सामान्य वापरात तो आजोबांच्याही पलीकडच्या पिढ्यांचे सूचन करतो. कायद्यात मात्र प्रत्यक्ष पित्याचाही त्यात समावेश होऊ शकतो.

मराठी शब्दसंपदेतही असेच अंतर्गत भेद आहेत. ‘पूर्वज’ म्हणजे आधी जन्मलेला; अमरकोशात तो ‘अग्रज’ या शब्दाबरोबर, थोरल्या भावाच्या अर्थाने येतो. आजच्या मराठीत तो अर्थ लोपला आहे. ‘वडील’ या शब्दाचा प्रवास याच्या उलट झाला. थोरला हा त्याचा अर्थ ‘वडील बहीण’ या प्रयोगात टिकून आहे. एरवी तो पित्यापुरता आकुंचित झाला. ‘वाडवडील’मध्ये मात्र घराण्यातील जाणत्या पिढ्यांचा समूह आणि त्यांच्याविषयीची जवळीक दोन्ही आहेत. ‘पितर’ हा धर्मविधीतील शब्द. श्राद्ध-तर्पणाचे अधिकारी असलेले मृत पूर्वज एवढाच त्याचा विषय. जिवंत पणजोबा पूर्वपिढीतले असले तरी पितर नव्हेत.

हे भेद केवळ शैलीचे नाहीत. मिताक्षरा परंपरेत पिता, पितामह आणि प्रपितामह या तीन पुरुषांकडून आलेली मालमत्ता विशिष्ट अर्थाने ‘वडिलोपार्जित’ ठरते; आईच्या वडिलांकडून आलेली त्या अर्थाने ठरत नाही. येथे ‘पूर्वजांची मालमत्ता’ असा शब्दशः अनुवाद केल्यास मातृकुळही त्यात येते आणि वाचकाचा आपल्या हक्काविषयी गैरसमज होतो. 2005 च्या दुरुस्तीने अशा मालमत्तेत मुलीला मुलाप्रमाणेच जन्मतः हक्क दिला. म्हणजे वारस बदलले, पण ‘वडिलोपार्जित’ची व्याप्ती बदलली नाही.

जीवशास्त्रात अडचण निराळी आहे. माणूस आणि चिंपांझी यांचा ‘अ‍ॅन्सेस्टर’ समाईक होता, असे तेथील प्रतिपादन आहे. ‘समाईक’ हे विशेषण गळले की ‘माकड हा माणसाचा पूर्वज’ असे लोकप्रिय पण चुकीचे विधान तयार होते. येथे ‘समाईक पूर्वज’ हा पूर्ण पदबंधच हवा; ‘वाडवडील’ किंवा ‘पितर’ सर्वथा विसंगत.

इतिहासलेखनात ‘फोरबेअर्स’साठी ‘वाडवडील’ योजल्यास जिव्हाळा साधतो, परंतु मूळ शब्दाची लिंगनिरपेक्षता धूसर होते. घराण्यातील स्त्रिया अभिप्रेत असतील तेथे ‘आधीच्या पिढ्या’ ही साधी योजना अधिक नेमकी ठरते. पर्यायाची निवड कोशातील क्रमावरून नव्हे, तर तीन प्रश्नांवरून व्हावी : नाते रक्ताचे की परंपरेचे, कुळ एका बाजूचे की दोन्ही बाजूंचे, आणि संदर्भ विधीचा, हक्काचा की वर्णनाचा. त्यांची उत्तरे मिळाली की ‘पूर्वज’ हा शब्द कोठे पुरेसा आहे आणि कोठे नाही, हे स्पष्ट होते.